माईक कोणाला दिसतो?

आमच्या इसेयिन गावच्या शाळेत नाटक शिकवणाऱ्या मोनिसोला मॅडम दिसायला एवढ्याशा, पण हाक मारली की मैदानातली पोरं निमूट वर्गात येतात. तरुणपणी त्या फिरत्या नाटक कंपनीत होत्या. मी गणिताचा मास्तर. त्यांचं सिनेमाचं वेड मला रिकामटेकडेपणाचं वाटायचं.

मागच्या वर्षी मुलांनी उसन्या कॅमेऱ्यावर सिनेमा केला. पडद्यावर तोंडं हलत होती आणि ऐकू येत होता तो शेजारचा जनरेटर. मागून कोणीतरी विचारलं, "मॅडम, हीरो कोण, जनरेटर का?" सगळे खो-खो हसले. नायिका झालेली इबिदुन रडत घरी गेली आणि नाटकाच्या तासाला यायचीच बंद झाली. मॅडमना ते फार लागलं.

यंदा शाळेचे माजी विद्यार्थी, कापडाचे मोठे व्यापारी अकिनरेले बाबा, सिनेमाचं सामान घेऊन द्यायला तयार झाले. आम्ही तिघं इबादान शहरातल्या दुकानात गेलो. बाबांनी शिरल्या शिरल्या खांद्यावर घ्यायच्या एका धिप्पाड कॅमेऱ्यावर हात ठेवला.

"हा घ्या. देणगीच्या फोटोत कसा उठून दिसेल."

"बाबा, याच्याऐवजी लहान कॅमेरा घेतला तर चांगले माईक अन् हेडफोनही येतील," मॅडम म्हणाल्या.

"माईक कोणाला दिसतो?"

वडीलधाऱ्यांशी हुज्जत घालायची आमच्यात रीत नाही. मॅडमनी तो धिप्पाड कॅमेरा चालू केला आणि मला म्हणाल्या, "मास्तर, बाबांना नमस्कार केलात का?"

सकाळीच केला होता. पण त्यांची नजर ओळखून मी नव्या शर्टासकट फरशीवर पालथा पडलो. असं पाया पडलं की आमच्याकडे म्हाताऱ्याला आशीर्वाद द्यावाच लागतो, आणि बाबा त्यात तरबेज. माझा संसार, माझी मुलं, माझे दुखरे गुडघे, त्यांनी काही म्हणता काही सोडलं नाही. प्रत्येक वाक्याला दुकानदारासकट आम्ही "आमीन" म्हणत होतो.

मग मॅडमनी ते चित्रण लावून दाखवलं. बाबांचे ओठ हलतायत आणि दुकानाबाहेरचा जनरेटर धडधडतोय.

"माझा आशीर्वाद कुठं गेला?"

"जनरेटरनं खाल्ला, बाबा." मॅडम गुडघे टेकून अगदी अदबीनं म्हणाल्या.

बाबांनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं. "म्हणजे या बिचाऱ्याच्या गुडघ्यांना काहीच मिळालं नाही?" मग दुकानदाराला म्हणाले, "माईक बांधून दे. चांगला दे."

मॅडम इबिदुनच्या घरी जाऊन तिची समजूत घालून तिला घेऊन आल्या. नव्या सिनेमात ती आजी झाली. सत्राच्या शेवटी तो दाखवला, तेव्हाही शेजारचा जनरेटर चालूच होता. पडद्यावर आजीनं परगावी निघालेल्या नातवाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुझी वाट तुला घरी परत आणो."

"आमीन," अख्खं सभागृह म्हणालं. कोणी ठरवलं नव्हतं, तोंडातून आपोआप निघालं. माझ्या पुढच्या रांगेत इबिदुन ताठ बसून ऐकत होती. मॅडम भिंतीशी उभ्या राहून डोक्याला बांधलेल्या फडक्याच्या टोकानं डोळे पुसत होत्या. मीही म्हणालो आमीन, आणि जरा मोठ्यानंच म्हणालो.