मास्तरांचं बोट वर होईपर्यंत

मुलीने व्हायोलिन शिकायचं म्हटलं की आमच्या लातुरात लोकांना काळजी वाटायची. "पोरगी हुशार हाय, मग हे कशाला?" असं शेजारच्या काकूंनी आईला माझ्यादेखत विचारलं होतं. आई नुसती हसली आणि मी शिकायला गेले.

मास्तरांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या लग्नाच्या बँडचं. वडील क्लॅरिनेट वाजवायचे, भाऊ ढोल. मास्तरांनी तरुणपणी एका फिरत्या नाटक कंपनीत व्हायोलिन हातात घेतलं ते कायमचंच. गंजगोलाईमागच्या गल्लीत त्यांचं पेट्या दुरुस्त करायचं दुकान होतं. पुढे हार्मोनियमची उघडी पोटं आणि मागे आमची शिकवणी.

मास्तर स्वतः चीजा बांधायचे, त्याही नुसत्या व्हायोलिनसाठी. सोबत तबला नाही, तंबोरासुद्धा नाही. "ठेका म्हंजे सोबत झाली, बेटी," ते म्हणायचे. "हे एकट्याचं हाय. एकट्यालाच बोलू दे." गावाला याचं काडीचं कौतुक नव्हतं. गणपतीच्या कार्यक्रमात त्यांना वाजवायला बसवायचे ते प्रमुख पाहुण्यांची जीप येईपर्यंत. एकदा जीप लवकर आली, हारतुरे सुरू झाले आणि मास्तरांचा गज हवेतच राहिला. त्या पाहुण्यांचा मला अजून राग येतो. बिचाऱ्यांना कल्पनाही नसेल.

शेवटची चीज भूकंपानंतरची. मास्तरांची बहीण औशाकडच्या एका खेड्यात दिलेली होती. बातमी कळताच मिळेल त्या ट्रकमध्ये बसून ते तिकडे गेले. तिथे दगडमातीच्या ढिगांवर उभं राहून लोक आपापल्या माणसांना हाका मारत होते. एकाने हाक मारायची, की बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं, खालून काही ऐकू येतंय का म्हणून. मास्तरांनीही बहिणीला हाका मारल्या, पण खालून ओ आली नाही.

परतल्यावर कितीतरी महिने त्यांनी व्हायोलिनला हात लावला नाही. आम्ही सगळेच तेव्हा अंगणात नाहीतर पत्र्याखाली झोपत होतो. स्लॅबखाली बसायला कोणी धजत नव्हतं. मग एक दिवस दुकानासमोर बाज टाकून त्यांनी मला ती चीज शिकवायला घेतली. वरच्या सुरांत एक लांब हाक, मग काहीच नाही, आणि मग खालच्या तारेवर अगदी हळू पुन्हा सुरुवात.

"मधे किती वेळ थांबायचं, मास्तर?"

"ओ येईल असं वाटतंय तवर."

"ते मला कसं कळणार?"

"मी हाय की," असं म्हणून त्यांनी उजव्या हाताचं बोट वर करून दाखवलं.

त्यांचं बोट वर झालं की मी गज टेकवायचा, असं ठरून गेलं. रोजचं थांबणं वेगळं असायचं. कधी एका श्वासाएवढं, तर कधी समोरून गेलेला सायकलवाला कोपऱ्यावरून वळून दिसेनासा होईपर्यंत. ते मोजावं असं माझ्या मनात कधी आलं नाही. मोजायचं कशाला, माणूस समोर बसलेला होता.

पुढे मी लग्न होऊन नांदेडला आले. मास्तरांच्या बोटांना कंप सुटला, वाजवणं बंद झालं. सुरावट लिहायची त्यांना सवय नव्हती. म्हणजे त्या सगळ्या चीजा आता त्यांच्या डोक्यात आणि माझ्या हातात तेवढ्या उरल्या होत्या. त्या टेपवर घ्यायच्याच, असा मी हट्ट धरला. नांदेडात भजनांच्या आणि निवडणुकीच्या प्रचाराच्या कॅसेटी काढणारा एक छोटा स्टुडिओ होता. मास्तर लोह्यावरून येणाऱ्या एसटीने आले. स्लॅबच्या बंद खोलीत बसायला ते अजून कचरायचे, पण चीजांसाठी बसले. वाजवायची मी आणि समोर खुर्चीवर ते.

शेवटच्या चीजेत हाक वाजवून मी गज उचलला आणि त्यांच्याकडे पाहिलं. डोळे मिटलेले, बोट मांडीवर. काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला हातवारे करून विचारू लागला, काय झालं? मी मान हलवली. मास्तर कधी नव्हे इतका वेळ थांबले. मग हळूच बोट वर झालं आणि मी वाजवू लागले. तशी ती मी नंतर कधी वाजवली नाही, हे सांगायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

कॅसेट तयार झाल्यावर मी ती घेऊन लातूरला गेले. मास्तरांनी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि टेप लावला. एकेक चीज होत गेली, मान डोलत राहिली. शेवटच्या चीजेतली हाक आली. मास्तरांनी सवयीने डोळे मिटले, आणि लगेच, श्वास घ्यायलाही सवड न देता, खालची तार सुरू झाली. त्यांचं बोट मांडीवरच होतं.

ते शेवटपर्यंत ऐकत बसले. मग म्हणाले, "आवाज साफ आलाय." एवढंच. मला तिथेच रडू कोसळलं.

मी तणतणत स्टुडिओत गेले. पण रेकॉर्डिंगवाला काही वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत. "ताई, मधी लई रिकामं होतं," तो म्हणाला. "लोकांना वाटतं टेप अडकली. कॅसेट खराब हाय म्हणून परत आणून देतेत. म्हणून तुमच्यासाठी नीट जोडून दिलं." मूळ टेपवर तोवर कुठल्याशा उमेदवाराचा प्रचार चढला होता. मी मास्तरांना पुन्हा नांदेडला चला म्हटलं. ते म्हणाले, "न्हाई बेटी. तितकं थांबणं दोबारा न्हाई होत." पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

त्यानंतर लातूर ओळखू येईना. गल्लोगल्ली क्लासेस, वसतिगृहं, मेस, आणि खांबाखांबावर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. मास्तरांचं दुकान गेलं, समोर अभ्यासिका आली. अभ्यासिकेचा मालक त्यांचा जुना शेजारी. मास्तरांच्या आठवणीसाठी म्हणून त्याने ती कॅसेट लावायला सुरुवात केली. दुपारची सुट्टी संपली की व्हायोलिन वाजायचं आणि पोरं पटापट डबे आवरून पुस्तकं उघडायची. म्हणजे मास्तरांना अखेर श्रोते मिळाले, आणि तेही हजारोंनी! फक्त त्यातला एकही ऐकत नव्हता.

मध्यंतरी नांदेडातच मी पाय घसरून पडले आणि मनगट मोडलं. प्लास्टर काढायला गेले तेव्हा डॉक्टर देगलूरकडचा एक तरुण मुलगा होता. प्लास्टर कापता कापता तो गुणगुणत होता. तीच हाक आणि तिला चिकटून लगेच खालची तार.

"हे कुठलं रे?"

"आमच्या लातूरच्या अभ्यासिकेत लावायचे, काकू. सुट्टी संपली की. अजून डोक्यातून जात न्हाई."

"ते असं नाहीये," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "त्या हाकेनंतर थांबायचं असतं. ते थांबणंच खरं आहे, बाकीचं त्याच्यासाठी आहे."

पोरगा गुणाचा. कात्री खाली ठेवून त्याने पुन्हा सुरुवात केली, हाकेपर्यंत आला आणि थांबला. मग माझ्याकडे बघत राहिला. जरा वेळाने त्याने हळूच विचारलं, "किती वेळ थांबायचं, काकू?"

माझी नजर सवयीने समोरच्या खुर्चीकडे गेली. तिच्यावर कोणी नव्हतं.