वकीलसाहेबांची तांबडी पेन्सिल

दुपारची जेवणं झालीत. कागद छातीवर ठेवून मी बाजेवर पडलोय. वकील कोरडेसाहेब गेल्याला महिना होत आला. त्यांच्या मुलानं स्मरणअंकासाठी माझ्याकडे लेख मागितलाय. पत्रकार, वकील, महापौर, त्यांच्या तिन्ही रूपांवर लिहा म्हणाला, फक्त जरा सांभाळून. सांभाळूनच लिहीत होतो. मग एक वाक्य येऊन बसलं: ‘महापौर असताना त्यांनी आमची खाणवस्ती पाडली.’ ठेवायचं की काढायचं, या घोळात डोळे मिटायला लागलेत.

पंख्याची घरघर छापखान्याच्या यंत्राची होते. शाईचा वास येतो. ‘खडा सवाल’ या त्यांच्या साप्ताहिकाच्या जुन्या टेबलामागे वकीलसाहेब बसलेत, तांबड्या पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं करतायत. ते मेलेत हे मला ठाऊक आहे. त्यांनाही असावं, कारण चहा सांगत नाहीत.

“बस लहू. ऱ्हस्व-दीर्घाची मारामारी संपली का तुझी?”

“तुमच्याच पेपरावर शिकलो. चुका तिथल्याच आहेत.”

ते हसतात. हे हसणं मला अजून आवडतं, आणि त्याचाच राग येतो.

माझी शाळा चौथीत सुटली. खाणीत दगड फोडताना पहिला मजकूर लिहिला तो यांच्यासाठी. त्यात मी लिहिलं होतं, ‘आमचं अतिक्रमण पाडू नका.’ नोटिशीत दरवेळी तेच असायचं. मला वाटायचं, आमच्या वस्तीचं ते कागदावरचं नाव आहे. वकीलसाहेबांनी सगळा मजकूर तसाच छापला. तेवढा शब्द खोडला आणि वर ‘वस्ती’ लिहिलं. म्हणाले होते, अतिक्रमण हा शब्द नाही, निकाल आहे. तो आपल्या हातानं आपल्यावर लिहायचा नाही.

टेबल आता कोर्टातलं आहे. ते काळ्या कोटात उभे राहून हेच वाक्य न्यायाधीशांना ऐकवतायत. मागच्या बाकांवर आख्खी वस्ती दाटीवाटीनं बसलीय. पाडकामाला स्टे मिळतो. आई पदरात तोंड घालून हसते.

मी बाकावरून उठतो तर बाक महापालिकेच्या सभागृहातला आहे. खाली फरशी नाही, खाणीतली खडी आहे, आणि तिच्यात आमचा तवा उलटा रुतलाय. वकीलसाहेब वर, उंच खुर्चीत. काळ्या कोटावर महापौराचा झगा, गळ्यात साखळी. ते वाचतात, “विषय, दगडखाणीवरील अतिक्रमण हटवणे.” तेच तोंड. आवाजही तोच.

“कुठला शब्द वाचलात, वकीलसाहेब?”

“सभेच्या विषयपत्रिकेवर होता तो. या खुर्चीत बसलं की शब्द आपले राहत नाहीत.”

“मग उठायचं खुर्चीतून.”

ते साखळीशी चाळा करतात. शहराला रस्ता हवा होता, म्हणतात. आयुक्तांनी सगळं आधीच ठरवलं होतं, पक्षाचा दबाव होता. मी ऐकून घेतो. एवढं तर वर्तमानपत्रातही आलं होतं.

“मी रस्त्याचं विचारत नाही. वस्ती पाडली त्या सकाळी आईनं दारात पाट मांडला होता. बुलडोझरवाल्याला सांगत होती, थांब बाबा, आमचे वकील येतायत. तो पाट तुमच्यासाठी होता.”

सभागृहात खडी करकरते.

“मी आलो होतो,” शेवटी म्हणतात. “वस्तीच्या वळणापर्यंत. गाडीतच बसलो होतो. काच वर होती.”

“आई दिसली?”

“दिसली. पाटही दिसला.”

मग नेहमीसारखा हात पुढे करतात. “आण, लेख बघू.” आणि इतक्या वर्षांची सवय, माझा हात कागद देऊन मोकळा होतो. ते पुटपुटत वाचतात. एका ठिकाणी मान डोलावतात, आणि मला, लाज वाटावी असं, बरं वाटतं. त्या वाक्यापाशी थांबतात. आता तरी ठेवतील, असं मनात येतं. ते पेन्सिल जिभेवर ओली करतात.

“तुझं लिहिलेलं लोक खरं धरतात रे,” म्हणतात.

जाग येते. पंखा फिरतोय. कागद छातीवरच आहे. वाक्य जागेवर आहे, फक्त ‘खाणवस्ती’वर तांबडी रेघ आहे आणि वर, त्यांच्या तिरक्या अक्षरात, ‘अतिक्रमण’. माझ्या घरात तांबडी पेन्सिल नाही. अंगठा फिरवून बघतो. रेघ अजून ओली आहे.

मेल्यावरही यांनी तेच केलं.

मी उठून बसतो, पेन उघडतो. त्यांचा शब्द कागद फाटेल इतका खोडतो आणि ‘वस्ती’ लिहितो. खाली एक वाक्य वाढवतो: ‘त्या सकाळी त्यांची गाडी वळणावर उभी होती, आणि काच वर होती.’

मुलानं विचारलं, हे तुम्हाला कुठून कळलं, तर तांबडा अंगठा दाखवीन.