दोनदा ‘नको’ म्हणायचं

आमच्या घरात पाहुणचाराचा एक कायदा होता. दुसऱ्याच्या घरी कुणी काही पुढे केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की लाजत घ्यायचं. पहिल्याच विचारण्याला हात पुढे करते ती हावरट. सहा-सात वर्षांची असताना शेजारच्या काकूंकडे मी पहिल्याच खेपेला बेसनाचा लाडू उचलला. आई तिथे नुसती हसली. घरी येऊन दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर डाग होता. “उपाशी ठेवतो का तुले आमी?” एवढंच म्हणाली. त्यानंतर मी कधी चुकले नाही. एकदा चुकले असते तर बरं झालं असतं.

आम्ही अमरावतीचे फुलवाले. तिवसा रस्त्याला झेंडू-शेवंतीचा मळा, बाजारात हारांचं दुकान. ती वर्षं वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला खाऊन टाकणारी होती. खेड्यापाड्यांत लग्नं देवळात उरकत, मांडवाला प्लास्टिकच्या माळा लागत. आमच्याकडून लग्नापेक्षा तिरडीचेच हार जास्त जात, आणि त्या गिऱ्हाइकांशी बाबा भाव करत नसत. अशा घरात मी इंजिनिअर झाले, तेही बारावीपर्यंत मराठीतून शिकून. पुण्याला एकटीला पाठवायला कुणी तयार नव्हतं. मग मी म्हटलं, ठीक आहे, इथेच बसून बाहेरच्या देशातलं काम घेते. बाबांनी दसऱ्याचा झेंडू निघेपर्यंत मुदत दिली. तोवर पक्कं काम मिळालं तर दोन वर्षं स्थळाचं नाव काढणार नव्हते. नाही मिळालं तर नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यातला एक सुपरवायझर मला पाहायला येणार होता. बाबा शब्दाचे पक्के. दोन्ही बाजूंनी पक्के.

घरी तासन्‌तास लोडशेडिंग, म्हणून मी चौकातल्या इंटरनेट कॅफेत बसायची. कॅफेवाले चाचा इन्व्हर्टरवर एकच कॉम्प्युटर चालू ठेवत, तो माझा. कामाच्या वेबसाइटवर मी अर्जांवर अर्ज टाकले. इंग्रजी काय, शाळेत रजेचा अर्ज लिहायला शिकले तेवढंच. प्रत्येक अर्जात मी कुणाच्या तरी पाया पडत होते. उत्तरं येतच नसत. एखादं आलंच तर फोनवर बोलू म्हणत, आणि फोन म्हटलं की मी ते पानच बंद करायची. कोड मला येत होता हो. माझ्या कोडमध्ये खोट काढून दाखवा म्हणावं. पण तोंड उघडलं की मी दहावी नापास.

शेवटी डेन्मार्कमधल्या एका माणसाने लहानसं काम दिलं. बागकामाची अवजारं विकायचं त्याचं दुकान होतं. वेबसाइटवरचं मागणी नोंदवायचं पान सारखं बंद पडायचं, ते मी नीट करून दिलं. सगळं लिहूनच चाललं होतं. त्याला काम आवडलं. सहा महिन्यांचं कंत्राट आहे, एकदा बोलू, म्हणाला. दुपारी एकची वेळ ठरली. दसऱ्याला तीन आठवडे होते.

मी वही भरून उत्तरं लिहिली, देवनागरीत, इंग्रजी उच्चारांसकट. चाचांनी बाहेरच्या पोरांना हाकललं, पंखाही बंद केला, त्याचा आवाज येतो म्हणून. “बेटा, आहिस्ता बोलना,” म्हणाले आणि दारात जाऊन उभे राहिले.

आणि जमलं! तो विचारत गेला, मी वहीतून सांगत गेले. माझं मलाच खरं वाटेना. शेवटी त्याने विचारलं, हे सगळं काम तुम्हालाच द्यायचं माझ्या मनात आहे, घ्याल का?

हा प्रश्न वहीत नव्हता. वहीत नव्हता म्हणून तोंडातून घर बाहेर आलं. मी म्हटलं, नको नको सर, मी अजून लहान आहे, कुणी मोठं बघा. आणि थांबले. देवाशपथ सांगते, मी त्याच्या दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत होते. आता म्हणेल, अहो घ्या हो. मग मी पुन्हा एकदा नको म्हणेन आणि मग घेईन.

प्रामाणिकपणे सांगितल्याबद्दल त्याने माझे आभार मानले, अगदी मनापासून, आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मी त्याला लांबलचक पत्र लिहिलं. आमच्याकडे आधी नाही म्हणतात, माझं हो आहे, हो, हो. त्याचं उत्तर सभ्य होतं. काम दुसऱ्याला दिलंय, आणि तुमचाच तुमच्यावर भरवसा नसेल तर मी कसा ठेवू, असं त्यात होतं. चाचांना सांगितलं तर ते डोक्याला हात लावून बसले. कुणावर चिडू? त्याच्यावर? आईवर? मी माझ्याच थोबाडीत मारून घेतली, खरोखर.

दसरा झाला, झेंडू निघाला, पाहुणे आले. मुलगा वाईट नव्हता, पण मला लग्नच करायचं नव्हतं. चहा झाल्यावर बाबांनी सगळ्यांसमोर विचारलं, “काय माय, पसंत आहे न तुले?”

“नाही,” मी म्हटलं.

सगळे हसले. लाजून राहिली पोरगी, म्हणाले. बाबांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. मुलाची आई कौतुकाने म्हणाली, वळण चांगलं आहे हो तुमच्याकडचं. बाबांनी तिसऱ्यांदा विचारलंच नाही, मीच उठून उभी राहिले आणि सांगितलं, “बाबा, मले नाही करायचं लग्न.” माझा आवाज चिरकला. पोरीची जात, माहेर सुटणार म्हटलं की रडू येतंच, असं कुणीतरी म्हणालं आणि बाबांनी डोळे पुसले.

आईकडे पाहिलं. तिला कळलं होतं, माझी खात्री आहे. ती उठली, पेढ्यांचा डबा उघडला आणि मुलाच्या आईपुढे धरला. बाई नको नको म्हणत होत्या.