थर्मासातलं दूध

आमच्याकडं नोकरदार माणसाला वय विचारत नाहीत, सर्व्हिस विचारतात. "बाई, सर्व्हिस किती झाली?" माझी चोवीस वर्षं झाली होती आणि चोवीस वर्षांत एकही लेट मार्क नव्हता. याचा मला भारी ताठा. मी राहते तासगावात आणि शाळा कवठे महांकाळच्या बाजूला, एका लहान गावात. उन्हाळ्यात शाळा सकाळची भरते. परिपाठ माझ्याकडं. बाई पोचल्या नाहीत की पोरं लिंबाच्या झाडावर चढून बसतात आणि मग खाली उतरवता उतरवता पहिला तास संपतो. त्यामुळं सकाळच्या गाडीवर माझा जीव टांगलेला असायचा.

गेल्या उन्हाळ्यात त्या गाडीवर एक नवीन ड्रायव्हर आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा. गाडी चांगली चालवायचा, पण मध्येच, ना गाव ना फाटा, अशा ठिकाणी ब्रेक मारायचा. तिथं रस्त्याकडेला एक म्हातारा धनगर घोंगडं खांद्यावर टाकून उभा असायचा. जागा दर चार-सहा दिवसांनी बदलायची, कारण मेंढरांचा वाडा बदलायचा. आज याच्या वावरात, पुढच्या आठवड्यात त्याच्या. म्हातारा खिडकीतून एक थर्मास वर द्यायचा, ड्रायव्हर दुसरा थर्मास खाली द्यायचा. मग दोघांचं काहीबाही बोलणं. पाच मिनिटं गेलीच.

मी खिडकीतून बघत बसायचे आणि तळपायाची आग मस्तकाला जायची. मला वाटलं, दूध. मेंढ्या-शेळ्यांचं ताजं दूध थर्मासातून घेतो, तासगावात कुणाला तरी घालतो. सरकारी गाडी, सरकारी डिझेल आणि याचा घरचा रतीब! एक दिवस शाळेत पोचले तर मुख्याध्यापक सर दारातच घड्याळ बघत उभे. बोलले काही नाहीत, पण बघितलं. मला ते बघणं झोंबलं. त्याच दिवशी दुपारी घरी आल्यावर मी जेवायच्या आधी अर्ज लिहिला. "सदर चालक मनमानी थांबे घेतात व ड्युटीवर दुधाचा धंदा करतात." स्वतः जाऊन डेपोत दिला आणि पोचही घेतली. मी अर्धवट काम करत नाही.

पुढच्या सोमवारी गाडी थांबली नाही. म्हातारा रस्त्याच्या कडेला हात वर करून उभा होता. ड्रायव्हरनं समोर बघत गाडी तशीच पुढं काढली. म्हातारा दहा-वीस पावलं गाडीमागं पळाला आणि थांबला. मी शाळेत दहा मिनिटं आधी पोचले. खरं सांगते, मला बरं वाटलं.

मंगळवारी मला गप्प बसवेना. माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तिकीट फाडायला कंडक्टरताई आली तेव्हा मी म्हटलं, "काय, दुधाचा धंदा बंद पडला वाटतं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "कसलं दूध, बाई?"

"थर्मासातलं."

"त्यात बर्फ असतोय," ती म्हणाली. "त्या धनगराच्या म्हातारीला साखर हाय. रोज सुई टोचून घेत्यात. डॉक्टरनी सांगितलंय औषध गारव्यात ठेवा. आता वाड्यावर कुठला आलाय फ्रीज? ह्या उन्हात दोन दिवसांत औषध खराब होतंय. म्हणून आमचे ड्रायव्हरमामा स्टँडवरच्या रसवंतीतनं बर्फ भरून आणत्यात. भरलेला थर्मास द्यायचा, कालचा घ्यायचा. कुणीतरी अर्ज केला, तवापासनं बंद."



"काल ड्युटी संपल्यावर मामा मोटारसायकल घिऊन शोधत गेलते," ती पुढं सांगत होती, "पर वाडा हललेला. म्हातारीची औषधाची बाटली परवाच संपायची होती. नवी बाटली मामांनीच आणून ठेवलीया, ती थर्मासात हितंच पडून हाय, शिटाखाली."

मी उठून पुढं गेले. ड्रायव्हरच्या सीटखाली खरंच तो थर्मास होता. गाडी थांबू द्यायची नाही म्हटल्यावरही या माणसानं आज सकाळी त्यात बर्फ भरला होता. तेवढ्यात समोर म्हातारा दिसला. हात वर.

"थांबवा," मी म्हटलं. "मला उतरायचंय."

"न्हाई थांबवता येत, बाई," तो शांतपणे म्हणाला. "लेखी आलंय. पुढं फाट्यावर थांबा हाय, तिथं उतरा."

गाडी म्हाताऱ्याला मागं टाकून गेली. मी फाट्यावर उतरले. ड्रायव्हरनं थर्मास माझ्या हातात दिला आणि एवढंच म्हणाला, "टोपण घट्ट हाय का बघा." अर्ज कोणी केला ते त्याला माहीत होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही.

आल्या रस्त्यानं मी परत चालत निघाले. मैलभर तरी असेल. साडी, चप्पल, पर्स आणि तो थर्मास. शाळेची वेळ होऊन गेली. पोरं झाडावर चढली असणार.

म्हातारा मला त्याच जागी भेटला. थर्मास बघून तो पुढं चालायला लागला. वाडा एका छाटलेल्या द्राक्षबागेशेजारच्या वावरात होता. मेंढरं रात्रभर तिथं बसून आता उठत होती. सगळ्या रानात लेंड्यांचा थर पडला होता, आणि बागवाला तेवढ्या खतासाठी कोपऱ्यात उभा राहून "अजून दोन दिस ऱ्हावा की" म्हणून विनवत होता. मेंढरांच्या पाठीवर बसून कोतवाल पक्षी किडे टिपत होते. माझं लक्ष कशातच नव्हतं.

म्हातारी काठ्यांवर टाकलेल्या घोंगड्याच्या सावलीत आडवी होती. ओठ सुकलेले. दोन दिवस सुई नाही, उठलं की अंधारी येते, म्हणाली. पण मला बघून उठून बसली आणि पदर सारखा केला. बाटली हातात घेऊन गालाला लावून बघितली. "गार हाय," म्हणाली, आणि हसली. मला रडू आलं. मी तोंड फिरवून बकऱ्यांकडं बघत उभी राहिले.

तिनं स्वतःच्या हातानं सुई टोचली, सराईतपणे. थोड्या वेळानं भाकरी खाल्ली. मलाही दिली, आणि मी नको म्हणायचं धाडस केलं नाही. जरा तरतरी आल्यावर ती म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या हायसा. गाडी थांबंना झालीया. कुणी कागद केलाय म्हणं आमच्यावर. आमाला न्हाई लिवता येत. आमच्या बाजूनं एक कागद कराल का?"

गप्प राहून कागद लिहून द्यावा, पुण्य पदरात पाडावं आणि निघावं, असं एक क्षण मनात आलं. लाज वाटते सांगायला, पण आलं.

"आजी," मी म्हटलं, "तो कागद मीच केला होता. मला वाटलं, दूध नेतात."

मी शिव्यांची वाट बघत होते. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमी एकदा लिवलं आन् तेवढ्यावर गाडी थांबायची बंद झाली?" म्हातारीनं विचारलं.

"हो."

ती थोडी सरकली आणि घोंगड्याच्या सावलीत तिनं माझ्यासाठी जागा केली.

"मग तुमचं ऐकत्यात की बाई त्ये," ती म्हणाली. "बसा हितं. लिवा."