सात-सात कोंब

ओल्या गोणपाटाचा वास आला की मला डोणगावच्या साडूंचं अंगण आठवतं. पेरणीसाठी त्यांच्याकडचं सोयाबीन घ्यायचं होतं, म्हणून त्यांनी शंभर दाणे दहा-दहाच्या ओळींत भिजलेल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले होते. चार दिवसांनी मी गेल्यावर उघडलं, तर दहाही ओळींत बरोबर सात-सात कोंब. सत्तर टक्के उगवण, म्हणजे बियाणं जेमतेम चालण्यासारखं. मला ते खटकलं. ओळीमागे सरासरी सात ठीक, पण एखादीत पाच, एखादीत नऊ निघायलाच हवे होते. ओळीओळीतला फरक किती हे पाहायला वर्गांच्या सरासरीतून सरासरीचा वर्ग वजा केला, तर विचरण शून्य! "असं कसं हो?" मी विचारलं. "तुमाले मोजाले सोपं जावं म्हणून म्याच सकाळी उघडून उगवलेले सारखे मांडले. तुमी तं लय शकी माणूस, भाऊ!" साडू हसले. मला पटलं नाही. बी खोटं निघालं असतं तर माझं चार एकर रान तसंच राहिलं असतं. घरी येऊन गुपचूप पुन्हा शंभर दाणे लावले. कुठे पाच, कुठे नऊ असे मिळून त्र्याहत्तर उगवले, विचरण दीडच्या वर. मग पेरलं. साडू आजही अभिमानाने विचारतात, "माह्या शब्दावर पेरलं न?" मी हो म्हणतो.