कुरडयांच्या राखणीला ठेवलेला दिवा

मी काय काम करते असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, गाडीचे दिवे करते. त्यावर लोक म्हणतात, "म्हणजे बल्ब?" आणि माझं डोकं फिरतं. बल्ब कोणीही आणून बसवतो. त्यातून निघालेला उजेड नेमका कुठे जायचा आणि कुठे नाही जायचा, हे ठरवणं माझं काम. त्यासाठी दिल्लीजवळ मानेसरच्या एका कारखान्यात, पडदे ओढलेल्या खोलीत, मी दिवसभर स्क्रीनवर किरणांच्या रेघा बघत बसते.

त्या उन्हाळ्यात माझ्याकडे एक छोटा दिवा होता. मोठ्या हेडलॅम्पच्या शेजारी, मुठीएवढ्या जागेत, त्याला तीन कामं करायची होती: दिवसा लांबून दिसणारा लख्ख पांढरा उजेड, अंधारात मंद पांढरा, आणि वळताना पिवळा. तिन्ही एकाच भिंगातून. एरवी एवढ्यासाठी दोन वेगळे डबे लागतात. जागा कमी म्हणून मी भिंग जाड केलं आणि दोन्ही रंगांचे एलईडी त्याच्यामागे दाटीवाटीने बसवले. अख्खा दिवा पहिल्यांदाच एकटीच्या जबाबदारीवर होता आणि माझा त्याच्यावर जीव जडला होता. सांगायला लाज कसली?

मे महिन्यात चाचणीची गाडी परत आली. दोन्ही बाजूंच्या दिव्यांत, भिंगामागच्या काळ्या पट्टीवर, खालच्या अंगाला डाग होता. प्लास्टिक वितळून त्याला फोड आला होता. गाडी कित्येक दिवस उघड्या अंगणात, सगळे दिवे चालू ठेवून उभी केलेली. त्यामुळे सगळ्यांचं एकच मत पडलं: एलईडी तापले, आतल्या आत उष्णता कोंडली, पट्टी भाजली.

आमचे साहेब रोहतककडचे, मनाने चांगले, पण बोलायला लागले की सोलून काढतात. म्हणाले, "मैडम, बहुत ठूँस दिया आपने. पीला वाला अलग करो, डिब्बा बड़ा करो. सोमवार को फाइनल कर देते हैं."

डबा मोठा करायचा म्हणजे माझा दिवा संपला. मी तापमान मोजून दाखवलं. एलईडीची उष्णता पट्टीपर्यंत एवढी पोचतच नव्हती. मग डाग कशाचा, असं साहेबांनी विचारलं. कोंडीत सापडले की माझा आवाज चढतो. तो चढला, आणि खोलीतले सगळे आपापल्या लॅपटॉपमध्ये बघू लागले.

घरी आई होती. बाबा फौजेत होते, त्यामुळे तिचा संसार छावण्यांच्या क्वार्टरांत झाला. आता ती गुडगावला माझ्याकडे, नवव्या मजल्यावर राहते आणि दर उन्हाळ्यात हट्टाने बाल्कनीत कुरडया घालते. दिल्लीत सगळं विकत मिळतं, हे मी तिला दरवर्षी सांगते. "मिळतं ना, बिल्कुल मिळतं," असं म्हणून ती गहू भिजत घालते.

त्या आठवड्यात ती गप्प गप्प होती. मी ऑफिसातून आले की माझ्या तोंडाकडे बघायची आणि पाणी ठेवून आत निघून जायची. मला वाटलं, माझाच चेहरा पडलेला असेल. काय झालंय ते मी तिला सांगितलं नाही. तिला उगाच काळजी कशाला?

रविवारी सकाळी मला तो दिवा हातात घेऊन बघावासा वाटला. त्याचा एक पहिला नमुना, प्लास्टिकच्या रंगात खोट निघाली म्हणून बाद झालेला, साहेबांच्या परवानगीने मी घरी आणला होता. भिंग, काळी पट्टी आणि बाहेरची काच बसवलेली होती. तो पुस्तकांच्या फळीवर असायचा. फळी रिकामी होती.

"आई, माझा दिवा कुठाय?"

"कुठला दिवा?"

माझी आई खोटं फार वाईट बोलते. तिने पदर हातात घेतला, सोडला, आणि मग कपाट उघडलं. पानिपतहून आणलेल्या ब्लँकेटांच्या तळाशी, जुन्या चादरीत गुंडाळून, तिने तो ठेवला होता.

"मी काही केलं नाही गं. कुरडया घातल्या त्या दिवशी लू सुटली होती, त्या गरम वाऱ्याने कुरडयांखालचा कपडा उडत होता. म्हणून हा कोपऱ्यावर उभा केला. कबुतरं पण त्याला बिचकतात ना. संध्याकाळी बघते तर आत काळं काळं झालेलं. पुसायला गेले, तर डाग काचेच्या आत. कंपनीचा माल तो. तुला नोटीस आली असती तर?"

ही भीती मला ओळखीची होती. क्वार्टर सोडायची वेळ आली की तपासणीवाले येत, खिडकीची काच न् काच बघत, आणि आई दारामागे श्वास धरून उभी असे. सरकारी वस्तूला ओरखडा म्हणजे बाबांच्या नावाला ओरखडा, हे तिच्या इतकं अंगात मुरलंय की दिवसचे दिवस तिने त्या ब्लँकेटांखाली माझी नोकरी लपवून ठेवली होती.

मी दिवा खिडकीशी नेला. भिंगामागच्या काळ्या पट्टीवर, खालच्या अंगाला, तोच डाग. तसाच फोड.

"आई, तू याला वायर लावली होतीस?"

"वायर? याला वायर आहेच कुठे?"

नव्हतीच. आत एलईडीसुद्धा नव्हते. हा दिवा जन्मात एकदाही पेटला नव्हता.

दुपार कलल्यावर आम्ही दोघी बाल्कनीत उकिडव्या बसलो, दिवा पश्चिमेला तोंड करून मधे ठेवला आणि बघत राहिलो. ऊन भिंगावर आलं. आत पट्टीवर मोहरीएवढा एक ठिपका उमटला, झगझगीत, आणि हळूहळू सरकू लागला. मग त्यातून धुराची बारीकशी रेघ निघाली.

"अगं जळतंय! उचल, उचल!"

"राहू दे आई. जळू दे."

मी हसत होते आणि माझे डोळे वाहत होते. मोठ्या भिंगांसाठी आम्ही बाहेरून आत येणाऱ्या उन्हाचा हिशेब नेहमी करतो. याचं भिंग इतकं छोटं, की ते कुणी मनावरच घेतलं नाही. सगळे आतून बाहेर जाणाऱ्या उजेडामागे लागलेलो. एलईडी निर्दोष होते, आणि माझा दिवाही. उन्हासाठी भिंगाची पाठ जराशी बदलायची, पट्टी मागे सरकवायची, की ऊन एका जागी न जमता पसरून पडेल. डबा तेवढाच राहणार होता.

सोमवारी मी तो दिवा साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी डाग बघितला. "इसको कितने घंटे जलाया?"

"जलाया ही नहीं सर. इसमें बत्ती ही नहीं है."

साहेबांनी तो उलटा केला, आतली रिकामी जागा बघितली, आणि मग एवढ्या जोरात हसले की बाहेरून दोघं डोकावून गेले. हे कसं कळलं, असं त्यांनी विचारलं. मी कुरडया समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण ते काही नीट जमलं नाही.

घरी येऊन आईला सांगितलं, नोटीस नाही, उलट तुझ्यामुळे काम वाचलं. तिचा विश्वास बसला नाही. "माझं मन राखायला सांगतेस," म्हणाली.

सुधारलेला नमुना जूनच्या भट्टीसारख्या उन्हात आला. कंपनीत त्याच्या रीतसर चाचण्या चालू होत्याच, तरी मी एक घरी आणला आणि आईच्या हातात दिला. कुरडया केव्हाच डब्यात गेल्या होत्या. राखायला काही नसताना तिने दिवा बाल्कनीत पश्चिमेकडे तोंड करून मांडला आणि खुर्ची घेऊन शेजारी बसली.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा ती दारातच उभी होती. एका हातात दिवा, दुसऱ्या हातात माझा टॉर्च. पाणीबिणी काही विचारलं नाही.

"काच न् काच तपासली," ती म्हणाली. "कुठे डाग नाही. तुझ्या साहेबांना सांग, सामान सगळं ठीक आहे."