काचेतल्या अस्थी

संग्रहालयात फिरताना आई एका हिरवट काचेच्या बरणीपुढे थांबली. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोक चितेतून वेचलेल्या अस्थी अशा बरण्यांत भरून पुरायचे. आतली हाडं बाहेरून स्पष्ट दिसत होती.

बाबांच्या अस्थी मी मडक्यात घालून आणल्या, तेव्हा आईने वरचं फडकं सोडायला सांगितलं होतं. "तुला बघवणार नाही," म्हणत मी मडकं तसंच नदीवर नेलं. आपण माणसांना जपतो म्हणतो. खरं तर त्यांचं रडणं आपल्यालाच सोसत नाही.

"एवढंच उरतं का रे माणसाचं?" आईने विचारलं.

"हो."

"आणि ह्यांचं?"

"बाबांचंही तेवढंच होतं."

बराच वेळ ती त्या परक्या हाडांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू हो पुढे. मी थांबते जरा ह्यांच्यापाशी."